दमणी, छकडा आणि बुगाटी

छपरीतल्या अंधाराला डोळे सरावायला मिनिटभर लागलं. आधी दिसली ती दमणी. पुढे टेकण लावून उभी केलेली, टपावर एक जुनं धोतर पांघरलेलं, तेही धुळीनं राखाडी झालेलं. घरातल्या काकांनी ते ओढून काढलं तशा टपाच्या सागवानी कमानी दिसल्या, कठड्यावर ठोकलेली पितळी फुलं दिसली, बाजेसारखी दोरीनं विणलेली बैठक आणि तिच्यावरची उंदरांनी कुरतडलेली गादी दिसली. मग नजर कोपऱ्यात गेली. तिथं भिंतीला एक छकडा उभा टेकवला होता. दोन चाकं, एक आख, दोन बारीक धुरा आणि मधे पाय रोवायला सुपाएवढी जागा. बाकी काही नाही.

"यात बसायचं कुठं?" मी विचारलं.

सोबत आलेले सुतारबाबा हसले. वय ऐंशीच्या घरात, कानाला बिडीचं थोटूक, हातात वाकस. "छकड्यात बसाचं नसते भाऊ. त्याच्यावर टिकाचं असते."

मग दमणीच्या चाकावर हात ठेवून ते जे बोलले, ते मी तिथंच वहीत उतरवून घेतलं. "दमणीत बसनाऱ्याले रस्ता समजला नाई पायजे. अन् पटाच्या धुरकऱ्याले रस्त्यातला खडा न् खडा समजला पायजे. गाड्या दोन्हीच. पन एक रस्ता झाकते, दुसरी उघडा करते."

मी धामणगाव बढेला आलो होतो तो खरं तर मोटारींवरच्या लेखाच्या नादात. जुनी शर्यतीची मोटार आणि जुनी आलिशान सलून मोटार, यांची तुलना करायची होती. कोणती थोर, कोणती खरी, कोणती जपावी, असे प्रश्न घेऊन महिनाभर वाचत होतो. घोडाशक्ती, सिलिंडर, वजन यांच्या नोंदींनी वही भरली होती, पण धागा हाती लागत नव्हता. मोताळ्याच्या एका मित्रानं सांगितलं, "आमच्याकडं ये. एकाच छपरीत दोन्ही दाखवतो." मलकापूरला गाडीतून उतरलो, मोताळा केलं आणि कपाशी-मक्याच्या शेतांतून, अजिंठ्याच्या डोंगररांगेची सोबत घेत या गावात पोहोचलो. आणि महिनाभर जे सापडत नव्हतं ते एका सुतारानं तीन-चार वाक्यांत हातावर ठेवलं.

एकाच सुतारघराण्याच्या दोन गाड्या

या दोन्ही गाड्या बाबांच्या घराण्यातल्याच. दमणी त्यांच्या वडिलांनी घडवली. छकडा बाबांनी स्वतः केला, आणि नंतर इतक्या वेळा दुरुस्त केला की किती वेळा, हे त्यांनाही सांगता येईना.

दमणी म्हणजे त्या काळातली घरंदाज सवारी. लेकीला सासरी पोचवायला, लेकुरवाळीला माहेरी आणायला, जत्रेला, लग्नाला. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल. गाडी वेशीबाहेर असतानाच घरच्यांना चाहूल लागायची आणि चुलीवर चहाचं आधण चढायचं. दमणीचं चाक मोठं. "मोठं चाक लहान खड्ड्यात उतरत नाई," बाबा म्हणाले. विणलेली बैठक हीच तिची स्प्रिंग. टप उन्हापावसापासून वाचवतो आणि बाईमाणसाला आडोसाही देतो. दमणीत जे जे आहे ते मागं बसणाऱ्यासाठी आहे. हाकणारा पुढं धुरेवर बसतो, ऊन खातो, धूळ खातो.

छकडा याच्या अगदी उलट. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, छकड्याला काही वाहून न्यायचं नसतं. दोन बैल आणि त्यांना हाकणारा धुरकरी यांना एकत्र बांधून ठेवणं, एवढंच त्याचं काम. म्हणून बाबांनी छकडा करताना प्रत्येक लाकडाला एकच प्रश्न विचारला: तू नसलास तर चालेल का? चालेल, तर निघ. साटी गेली, कठडा गेला, टप तर कधी नव्हताच. धुरा तासून तासून इतक्या बारीक केल्या की बघणाऱ्याला धडकी भरावी. "बारीक कराले हिंमत लागते," बाबा म्हणाले. "जाड तं कोनी बी करते. कुठं थांबाचं ते हाताले समजते. एक रंदा जास्त मारला का पटावर मोडला."

पण चाकाच्या बाबतीत दोन्ही गाड्यांचा धर्म एक. बाबांनी मला तुंब्यापासून धावेपर्यंत चाक समजावून दिलं. मधला तुंबा बाभळीचा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बाकदार पुठ्ठे, आणि त्या सगळ्याला बाहेरून आवळणारी लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची. गोवऱ्यांच्या आहारात ती लाल होईस्तोवर तापवायची, की ती फुगते. मग चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची. लाकूड धूर सोडायला लागतं. लगोलग घागरी पालथ्या करायच्या. धाव निवते, आकसते आणि सगळे सांधे एकमेकांत करकचून बसवते. "त्या टायमाले चाक बोलते," बाबा म्हणाले. "कट् कट् आवाज येते. आवाज नाई आला तं समजा धाव ढिली."

वाकसाच्या दांड्यानं त्यांनी छकड्याच्या आऱ्यावर टिचकी मारली. खणखणीत आवाज आला. मग दमणीच्या आऱ्यावर मारली. आवाज बसका, खुळखुळता. बाबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

सहा घाट, ६२० मैल

आता मोटारींकडे. महाराष्ट्रात आलिशान मोटारीची एक मोठी परीक्षा झाली ती एखाद्या राजवाड्याच्या अंगणात नव्हे, घाटात. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी-शर्यत भरली. वाटेत सहा घाट, एकूण अंतर ६२० मैल. तिच्यात रोल्स-रॉइसची एक गाडी उतरली होती. नाव 'पर्ल ऑफ द ईस्ट', पूर्वेचा मोती. तिनं ही चाचणी जिंकली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी विकत घेतली. मराठी संस्थानिकाच्या पागेत रोल्स-रॉइस आली ती अशी, मराठी मुलखाचे घाट पार करून.

ही गाडी 'सिल्व्हर घोस्ट' जातीची. कंपनीच्या कागदावर नाव रूक्ष होतं: ४०/५० हॉर्सपॉवर. 'घोस्ट' म्हणजे भूत हे नाव पडलं ते तिच्या चालण्याला आवाज नसल्यामुळं. सहा सिलिंडर, सात लिटरांहून मोठं इंजिन, आणि त्यातून ताकद निघायची ती मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांवर जेमतेम ४८ हॉर्सपॉवर. आजच्या पोराला हा आकडा सांगितला तर तो हसेल. पण इथंच आलिशान मोटारीची गोम आहे. मोठं इंजिन सावकाश फिरवलं की ते थरथरत नाही. सावकाश फिरतानाही त्यात भरपूर ओढ असते, म्हणून चढावर सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. गिअर बदलले नाहीत की हिसका बसत नाही. हिसका बसला नाही की मागच्या गादीवरच्या माणसाच्या हातातल्या कपातला चहा हिंदकळत नाही. एवढं सगळं लोखंड त्या कपासाठी.

हेन्री रॉइस हा गरिबीतून वर आलेला मिस्त्री. त्यानं या इंजिनाच्या क्रँकशाफ्टला सात बेअरिंगांचा आधार दिला आणि त्यांना दाबानं तेल पोचवलं. १९०७ साली याच जातीची एक गाडी लंडन-ग्लासगोच्या वाटेवर एकसारखी फिरवली, आणि १४,३७१ मैल ती बिघाडामुळं एकदाही थांबली नाही. शर्यत म्हणजे वेग असं आपण समजतो. पण ही शर्यत न थांबण्याची होती. मुंबई-कोल्हापूरच्या घाटांतही कसोटी लागली ती याच गुणाची. मुंबईहून कोल्हापूरला जाताना बोरघाट, कात्रज, खंबाटकी ही नावं आजही ओळीनं येतात. तेव्हा तिथं डांबर नव्हतं. दगडमातीच्या चढावर बाष्प सोडत, पाणी मागत उभ्या राहिलेल्या मोटारी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे न थांबता चढलेल्या गाडीचं अप्रूप कळेल.

गंमत अशी, की या शांत गाडीच्या नावातला पहिला माणूस, चार्ल्स रोल्स, स्वतः शर्यतबाज होता. १९०६ ची टुरिस्ट ट्रॉफी त्यानं रोल्स-रॉइस चालवूनच जिंकली. चारच वर्षांनी तो विमान अपघातात गेला. मागच्या माणसाला रस्ता कळू न देण्याबद्दल ख्याती मिळवलेल्या कंपनीच्या पाटीवर असं एका धुरकऱ्याचं नाव आहे.

बुगाटीवाला तरुण

दुसरी गाडी मुंबईतली. जे. आर. डी. टाटा यांना आपण ओळखतो ते विमानामुळं: भारतातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना, १९२९. पण तरुणपणी त्यांच्याकडे बुगाटी होती, आणि ती ते हाकायचे तशीच. मुंबईच्या रस्त्यावर भरधाव बुगाटी चालवल्याचं प्रकरण अंगाशी आलं तेव्हा त्यांनी जॅक विकाजी नावाचे वकील गाठले. वकिलांकडं जाता-येता त्यांची पुतणी थेल्मा भेटली आणि १९३० साली लग्न झालं. वेगानं गाडी हाकल्याबद्दल दंड पुष्कळांना झाला असेल, बायको मिळालेला हा विरळाच.

बुगाटी म्हणजे काय चीज हे समजायचं तर तिच्या कारखान्यात जायला हवं. फ्रान्सच्या अल्सास भागातलं मोलसहाइम गाव. मालक एतोरे बुगाटी, मूळचा मिलानचा. त्याचे वडील कार्लो हे फर्निचर घडवणारे नामांकित कारागीर. सुतारबाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा त्या मोटारीच्या गोष्टीत रमले. "म्हनजे आपल्याच बिरादरीतला."

१९२४ च्या ऑगस्टात लियोंच्या ग्रां प्रीमध्ये या कारखान्यानं 'टाइप ३५' उतरवली. आठ सिलिंडर, पण इंजिन दोन लिटरांहून जरा कमीच. ते मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्या घ्यायचं आणि ९० च्या आसपास हॉर्सपॉवर द्यायचं. सिल्व्हर घोस्टशी ताडून बघा. तिचं इंजिन साडेतीनपट मोठं आणि ताकद निम्मी. गाडीचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास, म्हणजे घोस्टच्या निम्म्याहूनही कमी. गिअरचा दांडा बॉडीच्या बाहेर, कारण आत जागा नाही. पेट्रोल पुढं ढकलायला डॅशबोर्डावर हातपंप. पुढचा आख आतून पोकळ, आणि स्प्रिंगा त्या आखातल्या भोकांमधून आरपार नेलेल्या. तू नसलास तर चालेल का, हाच प्रश्न. मोलसहाइमलाही तोच विचारला गेला होता.

आणि चाक. टाइप ३५ चं चाक हा माझा आवडता भाग. त्याआधी बहुतेक मोटारींना तारांची नाहीतर लाकडी आऱ्यांची चाकं असत. बुगाटीनं अ‍ॅल्युमिनियमचं चाक ओतलं. आठ चपटे आरे, आणि ब्रेकचा ड्रम त्याच चाकाला जोडलेला. टायर बदलायला चाक काढलं की ड्रमही निघून येतो आणि ब्रेकच्या पट्ट्या उघड्या पडतात. एका कामात दोन कामं, शर्यतीतली मिनिटं वाचली. चपटे आरे फिरताना ब्रेकला वाराही मिळतो. मोबाइलवरचा फोटो मोठा करून मी बाबांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ निरखला. मग विचारलं, "धाव कुठं हाये?" मी म्हणालो, रबर हीच धाव. "मंग निंघत असनं," ते म्हणाले. खरोखरच, लियोंच्या त्या पहिल्या शर्यतीत बुगाटीचा घात टायरांनीच केला होता. रबराचे थर सुटून उडाले आणि गाड्या मागे पडल्या. पुढं मात्र या गाडीनं जिंकायचा सपाटा लावला. सिसिलीच्या डोंगरातली टार्गा फ्लोरिओ १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षं बुगाटीकडे राहिली.

त्याच हातानं हत्ती

पण एतोरे बुगाटीची गोष्ट इथं संपली असती तर तो फक्त छकडे करणारा सुतार ठरला असता. त्याच माणसानं, त्याच दशकात, जगातली सगळ्यात भव्य सलून करायला घेतली. 'टाइप ४१', म्हणजे 'रॉयाल'. इंजिन पावणेतेरा लिटरांचं. पुढच्या आखापासून मागच्या आखापर्यंत चार मीटरांहून जास्त अंतर. वजन तीन टनांच्या पलीकडे. नाकावर सोंड उंचावून उभा राहिलेला हत्ती, तोही एतोरेच्या शिल्पकार भावाच्या, रेम्ब्रांट बुगाटीच्या मूर्तीवरून केलेला. राजेमहाराजांनी घ्याव्यात म्हणून केलेल्या या गाड्या एकूण सहाच झाल्या. त्यातल्या बाहेरच्या गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या फक्त तीन. जगभर मंदी आली होती. रॉयालची उरलेली इंजिनं मग फ्रेंच रेल्वेच्या मोटारडब्यांत बसवली गेली, आणि त्या डब्यांनीच कारखाना तगवला. राजासाठी केलेलं इंजिन अखेर तिकीट काढलेल्या माणसांना ओढू लागलं.

टाइप ३५ आणि रॉयाल शेजारी ठेवल्या की कळतं, शर्यतीची गाडी आणि आलिशान गाडी या दोन वेगळ्या लोकांच्या कल्पना नाहीत. एकाच कारागिराला विचारलेले ते दोन प्रश्न आहेत. एकात विचारलंय, हाकणाऱ्याला काय हवं? दुसऱ्यात, बसणाऱ्याला काय नको? हाकणाऱ्याला रस्त्याची खबर हवी असते. चाक घसरायला लागलं तर ते त्याला हातात आणि पाठीत कळायला हवं, डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. बसणाऱ्याला तीच खबर नको असते. म्हणून एकीत कडक स्प्रिंगा आणि पातळ पत्रा, दुसरीत मऊ स्प्रिंगा, लोकरी गालिचा आणि जाड काच. पहिलीत प्रत्येक वस्तू काढून टाकताना कौशल्य लागतं, दुसरीत प्रत्येक आवाज झाकताना. कष्ट दोन्हीकडे सारखेच. सात बेअरिंगांची क्रँक काय किंवा पोकळ आख काय, घडवणाऱ्याच्या रात्री सारख्याच गेल्या असणार.

मग कोणी दोन्ही एकत्र केल्या तर? तसंही झालं, आणि तेही मराठी घराण्यातच. इंदूरचे यशवंतराव होळकर महाराज. माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून अगदी आधुनिक थाटाचा करवून घेणारे रसिक. त्यांनी १९३० च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्ग एसजे मागवली. ६.९ लिटर, आठ सिलिंडर, सुपरचार्जर, कंपनीच्या दाव्यानुसार ३२० हॉर्सपॉवर. ही कंपनी स्वतः १९२१ ची फ्रेंच ग्रां प्री जिंकलेली. पण होळकरांनी तिच्या लांबलचक चासीवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून चार दारांची सलून चढवली नाही. उघडी, लांब बॉनेटाची स्पीडस्टर बॉडी चढवली. हाकायला स्वतः बसायचं म्हणून.

बाबांना मी ही गाडी मोठ्या उत्साहानं वर्णन करून सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "बसतेत किती जन?"

"दोन."

"मंग छकडाच हाये तो. सोन्याचा असन, पन छकडाच."

जपायचं म्हणजे काय

आता खरा अवघड प्रश्न. जुनी गाडी जपायची म्हणजे काय करायचं?

आलिशान गाडीच्या बाबतीत उत्तर सोपं वाटतं. दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात संध्याकाळी उभे राहा. ऊन उतरलेलं असतं, गर्दी मानेवर श्वास घेत असते, आणि छत्रपती घराण्याची मेबॅक येते. राजाराम महाराजांच्या काळातली ही जर्मन गाडी. मेबॅक ही मुळात झेपेलिन विमानजहाजांची इंजिनं करणारी कंपनी. १९२१ पासून दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत तिनं अठराशेच्या आसपास मोटारी केल्या, आणि त्यातली एक अजून सीमोल्लंघनाला निघते. लोक वाहनाला हात जोडतात ते गाडीसाठी नाही, परंपरेसाठी, हे खरं. पण गाडीही त्या परंपरेचा भाग झालीय. तिचं काम आजही तेच, मागं बसलेल्यांना मानानं चौकात आणणं. म्हणून ती म्हातारी झाली तरी रिकामी झाली नाही.

शर्यतीच्या गाडीचं तसं नाही. शर्यतीत गाडी आपटते, इंजिन फुटतं, चाक निखळतं. पुढच्या रविवारसाठी ते बदलावं लागतं. दुसऱ्या वर्षी नवं इंजिन येतं, तिसऱ्या वर्षी बॉडी. म्हणून जगभरच्या जाणकारांमध्ये जुन्या बुगाटीवरून वाद झडतात: चासी मूळची आहे का? आख कुठला? इंजिनावरचा नंबर जुळतो का? जी गाडी जास्त शर्यती जिंकली तिचे मूळ भाग कमी उरतात. जी कोणी चालवलीच नाही ती सगळ्यात अस्सल निघते. म्हणजे आळशी गाडी खरी आणि कष्टाळू खोटी, असं उलटंच होऊन बसतं.

आपल्याकडचा कायदाही याच अडचणीशी येऊन थांबतो. २०२१ साली केंद्र सरकारनं विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. वाहन ५० वर्षांहून जुनं हवं, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. नोंदणी झाली की नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरती आणायची. सलूनला हा नियम अंगरख्यासारखा बसतो. खऱ्या शर्यतीच्या गाडीला मात्र 'तुझ्यात फेरफार झालाय का?' असं विचारणं म्हणजे पैलवानाला 'कधी अंगाला माती लागली का?' असं विचारणं.

दुसरं टोक फ्रान्समध्ये दिसतं. म्यूलूज गावचे श्लुम्फ बंधू हे लोकरीच्या गिरण्यांचे मालक. त्यांना बुगाटीचं वेड. गुपचूप मोटारी जमवत ते चारशेच्या वर गेले, त्यात शंभराहून अधिक बुगाटी, दोन रॉयालसुद्धा. गिरण्या बुडाल्या, आणि १९७७ साली कामगारांनी तो बंद संग्रह ताब्यात घेतला. आपले पगार कुठं अडकले हे त्यांना दिव्यांच्या प्रकाशात ओळीनं उभं दिसलं. १९८२ पासून ते सगळं सार्वजनिक संग्रहालय आहे. तिथं गाड्या लखलखीत आहेत, सुरक्षित आहेत. पण बोरघाटात वाफ सोडत चढणारी गाडी काय असते ते तिथं कळायचं नाही.

थांबलेला पट

छकड्यावरही अशी थांबायची पाळी आली होती. ७ मे २०१४ च्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूसोबत बैलगाडा शर्यतीही थांबवल्या. २०१७ साली राज्यानं कायदा केला, पण उच्च न्यायालयानं त्याला अटकाव केला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. आता धाव एक हजार मीटरांच्या आत हवी. काठी, चाबूक, विजेचा धक्का, सगळं बंद. बैलांची आधी जनावरांच्या डॉक्टरकडून तपासणी.

या अटी आल्या ते बरंच झालं. मोटारीला दुखत नाही. बुगाटी फुटली तर लोखंड फुटतं. पटात उतरायचं की नाही हे बैलाला कोणी विचारत नाही, आणि तुतारीची आर टोचून पळवलेल्या बैलाचं पळणं म्हणजे शर्यत नव्हे. बाबांचं मतही तेच निघालं. "ज्याले हाकलल्याशिवाय पयत नाई तो पटाचा बैलच नाई," ते म्हणाले. "चांगली जोडी कासरा ढिला सोडला का सोताच निंघते."

बंदीच्या त्या सात वर्षांत हा छकडा इथं भिंतीला टेकून होता. मग पट पुन्हा सुरू झाले तेव्हा बाबांनी त्याला खाली उतरवलं. एक धुरा बदलली. एका चाकाचे चार आरे नवे घातले, धाव पुन्हा आवळली. आता मूळचं काय उरलं, असं मी विचारलं. बाबांनी छकड्याभोवती एक फेरी मारली, बोटानं दाखवत गेले. "आख जुना. हा एक तुंबा जुना. ही धुर माही, ही पोराची." मग थांबून म्हणाले, "पन छकडा तोच हाये. मोडला तव्हा याच्यासाठीच तं नवं लाकूड आनलं."

मला वाटतं, शर्यतीच्या गाडीच्या वादाला याहून नेमकं उत्तर नाही. नवं लाकूड कोणासाठी आणलं, त्यावर गाडी कोणती ते ठरतं. टाइप ३५ चं फुटलेलं इंजिन काढून नवं घातलं तेव्हा ते त्या गाडीच्या पुढच्या शर्यतीसाठी घातलं होतं. म्हणून ती तीच गाडी.

आणि दमणी? तिचा एकही भाग बदललेला नव्हता. नंबर जुळवायचे तर शंभर टक्के जुळले असते. पण टिचकी मारल्यावर आवाज बसका आला होता.

"उभं चाक सुकते," बाबांनी आता उलगडून सांगितलं. "चालत्या गाडीच्या चाकाले पावसाचं पानी भेटते, नाल्याचं भेटते, चिखल भेटते. लाकूड फुगून राह्यते, सांधा घट्ट राह्यते. छपरीत उभी केली का लाकूड आकसते, आरा तुंब्यात खुळखुळते. धाव सैल होते. अशी गाडी जुपली तं गावाबाहेर जाता जाता चाक उकलते."

मोटारींचंही तसंच आहे. महिनोन्‌महिने उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात, ऑइल सील सुकून गळायला लागतात, टाकीतलं पेट्रोल चिकट होतं. मेबॅक अजून धावते याचं एक कारण तिला दरवर्षी निघावं लागतं, हेही असणार.

काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "तुळशीच्या लग्नानंतर पुतणीचं लग्न हाये. मोटार तं ठरवली हाये. पन नवरीले मांडवापर्यंत..." आणि वाक्य तिथंच सोडून त्यांनी बाबांकडे पाहिलं.

बाबांनी उत्तर दिलं नाही. कुणीतरी आखाच्या टोकाची खीळ काढली, आम्ही दोघांनी आख उचलून धरला, आणि दमणीचं चाक सुटं झालं. मला वाटलं होतं त्याहून जड. ते घरंगळत अंगणात नेलं, तिथून गुरांच्या हौदाकडं. तिघांनी मिळून ते आडवं धरलं आणि पाण्यात सोडलं. हौदातलं पाणी काठाबाहेर आलं. धूळ तपकिरी होऊन वर आली, एक पितळी खिळा तेवढा चमकला. आणि मग तुंब्याच्या भोवती, जिथं आरे रुतलेले असतात तिथून, बारीक बुडबुडे निघायला लागले. एका आऱ्यापाशी, मग दुसऱ्यापाशी, मग सगळीकडून.

"पानी पेतंय," बाबा कठड्यावर बसत म्हणाले आणि त्यांनी कानावरचं थोटूक काढलं. "दोन दिवस राहू द्या. मंग वाजवून पाहू."